सीमावर्ती व्यक्तिमत्त्वलक्षणांची स्वचाचणी व तिच्या निष्कर्षांचे आकलन : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसराच्या इतिहासलेखनात कारखानदारी, भूसंपादन, कामगार चळवळ आणि नागरीकरण या विषयांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले आहे. या पट्ट्यात येऊन स्थिरावलेल्या माणसाच्या मनाचा इतिहास त्या मानाने मागे राहिला. प्रस्तुत निबंधाचा विषय हा त्या इतिहासाचा एक लहान कोपरा आहे.

पूर्वी ज्या मानसशास्त्रीय प्रश्नावल्या केवळ तज्ज्ञांच्या कपाटात असत, त्या आता भ्रमणध्वनीवर कोणालाही उपलब्ध आहेत. सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराची, म्हणजे बोलीभाषेत ‘बॉर्डरलाइन’ची, चाळणी करणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली त्यांपैकीच एक होय. ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी दहा उत्तरे दिली की पाच-सात मिनिटांत एक आकडा हाती येतो. हा आकडा कसा वाचावा, हा प्रश्न वरकरणी मानसशास्त्राचा वाटतो. तथापि तो तितकाच इतिहासाचाही आहे. अशी साधने कोणी, कोणासाठी व कोणत्या प्रयोजनाने घडविली हे पाहिल्याखेरीज त्यांच्या निष्कर्षाचा अर्थ लागत नाही.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्या मुळात संस्थांनी माणसांची निवड करण्यासाठी निर्माण केल्या. पुढे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हाती आल्या, परंतु निवडीची भाषा त्यांना चिकटून राहिली. ज्या प्रदेशाचे अवघे जीवन निवड, तपासणी आणि शेरा यांवर उभे आहे, तेथे चाळणीचा आकडा ‘निकाल’ म्हणून वाचला जाण्याचा धोका अधिक संभवतो. सदर विवेचन प्रकाशित व दुय्यम साधनांवर आधारित आहे.

छाननीच्या साधनांचा उगम

व्यक्तीने स्वतःच्या मनःस्थितीविषयी स्वतःच उत्तरे द्यावीत आणि त्या उत्तरांची बेरीज करून तिचे मूल्यमापन व्हावे, ही कल्पना पहिल्या महायुद्धात आकारास आली. आघाडीवरून परतणाऱ्या सैनिकांमध्ये तोफगोळ्यांच्या भडिमाराने मनोबल खचल्याची लक्षणे मोठ्या संख्येने दिसू लागली, तेव्हा असे सैनिक भरतीच्या वेळीच ओळखता येतील काय, असा प्रश्न अमेरिकी लष्करापुढे उभा राहिला. रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी ११६ प्रश्नांचे एक पत्रक तयार केले. प्रत्येक प्रश्नाला होय किंवा नाही एवढेच उत्तर अपेक्षित होते. पत्रक पूर्णत्वास जाईपर्यंत युद्धच संपले, त्यामुळे मूळ हेतूसाठी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. परंतु त्याचा साचा टिकून राहिला. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारी होय-नाहीची दोन चौकोनी घरे ही त्या पत्रकाचीच दूरची वारसदार आहेत.

लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, वुडवर्थच्या पत्रकातील बेरीज सैनिकासाठी नव्हती. ती भरती अधिकाऱ्यासाठी होती. ज्याची बेरीज जास्त भरेल त्याला तज्ज्ञाकडे अधिक तपासणीसाठी पाठवावयाचे, इतकेच तिचे प्रयोजन होते. उत्तर देणारा एक आणि उत्तर वाचणारा दुसरा, ही विभागणी त्या साधनाच्या रचनेतच होती.

भारतातही मानसमापनाचा आरंभ निवडीच्या गरजेतूनच झालेला दिसतो. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड परिसरातील कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे रूपांतर केले आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी कसोटी जशीच्या तशी न उचलता, ती येथील मुलांवर वापरून प्रश्नांची काठिण्यपातळी नव्याने ठरविली पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजच्या चर्चेतही महत्त्वाचा आहे. त्याचा पुढे उल्लेख येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, डेहराडून येथे लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी मानसशास्त्रीय कसोट्यांचा अवलंब सुरू झाला. पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शोधासाठी कसोट्यांचा पद्धतशीर वापर केला. संस्थेची निगडी येथील शाखा याच औद्योगिक परिसरात आहे. या साऱ्या उपक्रमांचे हेतू भिन्न असले तरी ‘अनेकांतून काही जण निवडणे’ हे सूत्र त्यांच्यात समान होते.

‘सीमा’ या शब्दाचा प्रवास

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार ही संज्ञा मुळात एका वर्गीकरणाच्या अडचणीतून निर्माण झाली. अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकाने १९३८ मध्ये अशा रुग्णांच्या गटाचे वर्णन केले, की जे त्या काळच्या दोन प्रमुख वर्गांपैकी कोणत्याच वर्गात नीट बसत नव्हते. त्यांचे वास्तवाचे भान मनोविक्षिप्तीच्या रुग्णांप्रमाणे सुटलेले नव्हते, आणि सौम्य मज्जाविकृतीच्या रुग्णांप्रमाणे ते मनोविश्लेषणाला प्रतिसादही देत नव्हते. दोन प्रदेशांच्या सीमेवरील म्हणून ते ‘सीमावर्ती’. त्या काळी हे नाव रुग्णाच्या अवस्थेपेक्षा वैद्यकशास्त्राच्या अपुरेपणाचेच अधिक द्योतक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ऑटो कर्नबर्ग यांनी १९६७ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या घडणीची एक पातळी म्हणून या संकल्पनेची मांडणी केली. रॉय ग्रिंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे तिचे वर्णन केले. जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांच्या १९७५ च्या लेखाने ठळक लक्षणे निश्चित करण्याचा मार्ग खुला झाला. अखेर १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या ‘डीएसएम-३’ या निदानपुस्तिकेत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत निकषांची संख्या आठावरून नऊ झाली. जवळची माणसे सोडून जातील या भीतीने केलेला आटापिटा, टोकाची जवळीक आणि टोकाचा तिरस्कार यांत हेलकावणारी नाती, स्वतःविषयीची अस्थिर प्रतिमा, स्वतःस घातक ठरणारा उतावळेपणा, आत्महत्येचे प्रयत्न वा स्वतःला इजा करणे, झपाट्याने पालटणारी मनःस्थिती, दीर्घकाळची आंतरिक पोकळी, अनावर राग, आणि तणावाच्या क्षणी येणारा संशय किंवा आपण आपल्यापासून तुटल्याचा अनुभव, असे ते नऊ निकष होत. त्यांपैकी किमान पाच आवश्यक. नऊपैकी पाच वा अधिक निकष २५६ वेगवेगळ्या प्रकारे जुळू शकतात. साहजिकच एकच निदान झालेल्या दोन व्यक्तींमध्ये एकच निकष समान असण्याचीही शक्यता राहते. ‘मला तेच झाले आहे’ असे कोणाचा अनुभव वाचून ठरविणाऱ्याने ही साधी आकडेमोड ध्यानात ठेवलेली बरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या ‘आयसीडी-१०’ वर्गीकरणात याच अवस्थेला भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्वाचा एक उपप्रकार मानण्यात आले. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ मध्ये तर व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पेच मोडीत काढण्यात आले. आता विकाराची तीव्रता सौम्य, मध्यम वा तीव्र अशी ठरवितात आणि ‘सीमावर्ती’ हा केवळ जोडावयाचा एक विशेष म्हणून उरला आहे. दहा प्रश्नांची प्रश्नावली मात्र जुन्या नऊ निकषांवर बेतलेली आहे, आणि आजही तीच प्रचारात आहे.

भारतापुरते पाहता, सन २००० मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार भारतात अस्तित्वात आहे’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. शीर्षकाचा सूरच बोलका आहे. अमेरिकेतील मान्यतेला वीस वर्षे लोटल्यावर येथे प्रथम अस्तित्वाचीच ग्वाही द्यावी लागत होती. कुटुंबव्यवस्था घट्ट असलेल्या समाजात हा विकार संभवतच नाही, अशी एक धारणा होती. आज त्याच समाजात कोणीही तरुण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःची चाळणी करून पाहू शकतो. नाकारण्यापासून स्वनिदानापर्यंतचा हा प्रवास पाव शतकात झाला, आणि मधला टप्पा, म्हणजे तज्ज्ञांकडून सावकाश समजून घेण्याचा, बहुतांश लोकांच्या वाट्याला आलाच नाही.

तपासणीवर उभा राहिलेला प्रदेश

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिननिर्मितीची सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर भोसरी-चिंचवड परिसराला गती आली. टेल्कोने १९६६ मध्ये पुण्याच्या प्रकल्पाची सुरुवात केली तेव्हा वाहननिर्मितीच्या आधी प्रशिक्षण विभाग उभारला, ही बाब या प्रदेशाच्या घडणीच्या दृष्टीने सूचक आहे. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका असा प्रशासकीय विस्तार होत गेला. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, ती २०११ मध्ये १७ लाखांपुढे गेली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस कारखानदारी चाकणकडे सरकली आणि २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, महिंद्र यांसारख्या मोठ्या वाहन प्रकल्पांनी तेथील पठाराचे रूप पालटले.

या पट्ट्यात प्रवेश करणाऱ्या माणसाची पहिली ओळख तपासणीशी होते. आयटीआयची गुणयादी, शिकाऊ उमेदवारीची परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय योग्यतेचा दाखला, प्रोबेशन, कायम होण्यापूर्वीचा शेरा. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर ही साखळी दर काही महिन्यांनी पुन्हा पहिल्या कडीपासून सुरू होते. कारखान्यात बनणाऱ्या सुट्या भागालाही हाच न्याय असतो : मोजमापात बसला तर पुढे, न बसला तर ‘रिजेक्शन’च्या लाल पेटीत. आयुष्यभर गो-नो-गो गेज हाताळणाऱ्या माणसाने दहापैकी सात या आकड्याकडे त्याच नजरेने पाहिले, तर त्यात त्याचा दोष काढता येणार नाही. कसोटी म्हणजे पास किंवा नापास, ही येथील कार्यसंस्कृतीची शिकवणच आहे.

याला जोडूनच ‘बॉर्डरलाइन’ या शब्दाचा घोळ लक्षात घ्यावा लागतो. कारखान्यांमधील वार्षिक आरोग्य तपासणीमुळे हा शब्द कामगारवस्त्यांत केव्हाच रुळला आहे. ‘शुगर बॉर्डरलाइनवर आहे’, ‘बीपी बॉर्डरलाइन निघाला’ अशी वाक्ये घरोघर ऐकू येतात. तेथे त्याचा अर्थ ‘अजून आजार नाही, पण काळजी घ्या’ असा होतो. शाळेच्या भाषेत बोलायचे तर काठावर पास. व्यक्तिमत्त्व विकाराच्या संदर्भात मात्र या शब्दाचा सौम्यपणाशी काडीमात्र संबंध नाही. तो १९३८ च्या वर्गीकरणातील एका हरवलेल्या सीमेचा अवशेष आहे. परिणामी एकच शब्द दोन विरुद्ध चुका घडवू शकतो. एखादा वाचक ‘बॉर्डरलाइनच तर आहे’ म्हणून गंभीर त्रासाकडे दुर्लक्ष करील, तर दुसरा ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हे शब्द वाचून आपल्या स्वभावावर कायमचा शिक्का बसला असे मानील.

दहा प्रश्न आणि त्यांचे गणित

मेरी झॅनरिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात विकसित केलेली चाळणी प्रश्नावली २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या आठ निकषांसाठी प्रत्येकी एक आणि नवव्या निकषातील दोन अंगांसाठी दोन, असे तिचे दहा प्रश्न आहेत. सात वा अधिक होकार आल्यास पुढील तपासणी करावी, असा तिचा दंडक. २०० प्रौढांवरील मूळ अभ्यासात ज्यांना हा विकार होता त्यांपैकी ८१ टक्के व्यक्ती या चाळणीने पकडल्या, आणि ज्यांना तो नव्हता त्यांपैकी ८५ टक्के व्यक्तींना तिने योग्य रीतीने बाजूला काढले. एका पानावर मावणाऱ्या साधनासाठी ही कामगिरी उत्तम म्हटली पाहिजे.

अडचण पुढे येते. मूळ अभ्यासातील व्यक्ती या पूर्वी उपचार घेतलेल्या होत्या, म्हणजे त्या गटात विकाराचे प्रमाण मुळातच मोठे होते. समजा, एखाद्या मनोविकार विभागातील १००० व्यक्तींपैकी ५०० जणांना हा विकार आहे. चाळणी त्यांपैकी ४०५ जणांना ओळखेल आणि उरलेल्या ५०० पैकी ७५ जणांना चुकून होकार देईल. एकूण ४८० होकारांपैकी ४०५ खरे, म्हणजे दहात आठांहून अधिक. आता हीच चाळणी चाकणच्या एखाद्या कारखान्यातील १००० कामगारांना लावली असे मानू. सर्वसाधारण लोकसंख्येतील या विकाराचे प्रमाण परदेशी पाहण्यांत बहुधा १ ते ३ टक्क्यांच्या आसपास आढळते. उदाहरणापुरते २ टक्के धरू. मग १००० पैकी २० जणांना विकार, त्यांपैकी १६ जण ओळखले जातील. परंतु विकार नसलेल्या ९८० पैकी १५ टक्के, म्हणजे १४७ जणांनाही सात वा अधिक गुण मिळतील. एकूण १६३ होकारांत खरे फक्त १६. दहात एक!

साधन तेच, प्रश्न तेच, आकडाही तोच. केवळ तो कोणाच्या गर्दीत वाचला गेला एवढ्यावरून त्याचा अर्थ दहात आठवरून दहात एकवर आला. चाळणीच्या निष्कर्षाचे आकलन म्हणजे मुख्यत्वे या एका गोष्टीचे आकलन होय. घरी एकट्याने प्रश्नावली सोडवणाऱ्याला आपण कोणत्या गर्दीत उभे आहोत हे दिसत नाही. अर्थात दीर्घकाळ त्रास सोसून, शोधत शोधत या प्रश्नावलीपर्यंत पोहोचणारी व्यक्ती ही कारखान्याच्या दारातून सरसकट उचललेल्या कामगारासारखी नसते, आणि तिच्या बाबतीत होकार खरा असण्याची शक्यता दहात एकाहून जास्तच राहील. किती जास्त, हे मात्र तिला तो आकडा सांगू शकत नाही. येथील प्रमाण ठरविणेही सोपे नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

गणिताखेरीज काळाचाही प्रश्न आहे. व्यक्तिमत्त्व विकाराची लक्षणे तारुण्याच्या उंबरठ्यापासून, दीर्घकाळ आणि विविध प्रसंगांत दिसावी लागतात. स्वचाचणी मात्र आजच्या मनाने दिली जाते. सलग रात्रपाळ्या करून झोप मोडलेला, कंत्राट संपण्याच्या आठवड्यात असलेला किंवा नुकतेच नाते तुटलेला माणूस राग, अस्थिरता आणि उतावळेपणा या प्रश्नांना प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणेल. त्याचे उत्तर खोटे नसते, पण ते स्वभावाचे नसून अवस्थेचे असते. द्विध्रुवीय विकार, नैराश्य, बालपणीचे आघात, मद्यपान यांमुळेही याच प्रश्नांना होकार मिळू शकतो. त्यांतला भेद करण्यासाठी समोर बसून विचारावे लागते : हे केव्हापासून? सर्वांशीच की एकाच माणसाशी? पगाराच्या दिवशीही असेच वाटते का?

याउलट एका बाबतीत बेरजेपेक्षा एकच उत्तर वजनदार ठरते. स्वतःला इजा करण्याविषयीच्या प्रश्नाला ज्याने होकार दिला त्याची एकूण बेरीज दोनच असली, तरी चाळणीच्या भाषेत तो ‘नकारात्मक’ ठरतो आणि त्याला मदतीची तातडी मात्र सात गुण मिळविणाऱ्या इतर कित्येकांहून अधिक असू शकते. पास-नापासची सवय येथे सर्वांत घातक आहे. कमी गुण पाहून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या या माणसाला त्या आकड्याने गप्प केलेले असते.

भाषा आणि लिंगभाव

कामत यांनी १९४० पूर्वी ओळखलेली अडचण स्वचाचणीत पुन्हा उभी राहते. इंग्रजी प्रश्नांचे यांत्रिक भाषांतर करून मराठीत चाचणी घेता येत नाही. आंतरिक पोकळीच्या प्रश्नाचे उदाहरण पुरेसे आहे. मराठीत ‘रिकामा’ म्हणजे काम नसलेला. ‘तुम्हाला बराच काळ रिकामे वाटते का?’ असे ले-ऑफ मिळालेल्या कामगाराला विचारले, तर त्याचे ‘होय’ हे बेकारीविषयीचे विधान असेल. ‘पोकळी’ हा शब्द वर्तमानपत्रांतील श्रद्धांजलीच्या मजकुरात खर्ची पडलेला. ‘आतून सगळे कोरडे पडले आहे’ किंवा ‘कशातच जीव रमत नाही’ असे सामान्य माणूस म्हणतो, पण पहिले वाक्य नैराश्याकडे झुकते आणि दुसरे प्रेमभंगाकडेही. सोडून जाण्याच्या भीतीचेही तसेच. लातूर वा उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात कुटुंब ठेवून भोसरीत कॉट बेसिसवर राहणारा माणूस दिवसातून दहा वेळा घरी फोन करीत असेल, तर तो आटापिटा विकाराचा की स्थलांतराचा, हे होय-नाहीच्या चौकटीत मावत नाही. शिवाय या पट्ट्यातील श्रमिकांत हिंदी व भोजपुरी भाषकांची संख्या मोठी आहे, त्यांचा प्रश्न वेगळाच.

लिंगभावाचा मुद्दाही नजरेआड करता येत नाही. अमेरिकी निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत या विकाराच्या रुग्णांत सुमारे ७५ टक्के स्त्रिया असल्याचे नमूद होते. पुढे सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाहण्यांत स्त्री-पुरुषांतील हे अंतर तेवढे आढळले नाही. दवाखान्यापर्यंत कोण पोहोचते आणि कोणाच्या रागाला कोणते नाव दिले जाते, याचा हा परिणाम असावा. कारखान्यात पुरुष कामगाराच्या अनावर रागाची परिणती आरोपपत्रात आणि खातेनिहाय चौकशीत होते. तोच राग घरातील स्त्रीने दाखविला की ‘हिला काहीतरी झाले आहे’ असे म्हटले जाते. एकाची नोंद शिस्तभंगाच्या फायलीत, दुसरीची केसपेपरवर. पुण्यातील बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा विचार स्त्रीवादी भूमिकेतून मांडला होता. स्त्रियांचे दुःख केवळ रोगाच्या नावात बंद करू नये, हा त्यांचा इशारा या निदानाला विशेषत्वाने लागू पडतो.

कायद्याची चौकट

१९१२ च्या कायद्यात ‘वेडा’ हीच कायदेशीर संज्ञा होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने भाषा बदलली, तरी त्याचे लक्ष मुख्यतः रुग्णालयात दाखल करण्यावर राहिले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, तो मात्र प्रस्तुत विषयाशी थेट भिडतो. मानसिक आजाराचे निर्धारण राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य वैद्यकीय मानकांनुसारच व्हावे, असे त्याचे तिसरे कलम सांगते. समाजात प्रचलित नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा कामाविषयीच्या मूल्यांशी एखादी व्यक्ती जुळवून घेत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असे ठरविता येणार नाही, असेही त्यात आहे. ‘कामाविषयीची मूल्ये’ हा उल्लेख औद्योगिक पट्ट्यासाठी मोलाचा. पर्यवेक्षकाशी न पटणे हे लक्षण नव्हे, असे त्यातून निष्पन्न होते. मानसिक आजाराविषयीच्या माहितीची गोपनीयता हा २३ व्या कलमान्वये हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, अशी तरतूद ११५ व्या कलमाने केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेतील ३०९ वे कलम तसेच्या तसे आले नाही.

कायद्याने दिलेले हे संरक्षण तज्ज्ञाने केलेल्या निदानापुरते आहे असे नव्हे. परंतु स्वचाचणीचा आकडा जेव्हा माणूस स्वतःच चहाच्या टपरीवर सहकाऱ्यांना दाखवितो, तेव्हा २३ वे कलम त्याच्या मदतीला येऊ शकत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. हा अधिकारी कामगाराचा की व्यवस्थापनाचा, हा वाद या पट्ट्याला जुनाच आहे, आणि कामगाराने आपला आकडा प्रथम कोणाला सांगावा या प्रश्नावर त्याची सावली पडते.

आकड्यानंतर

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे जन्माचा भोग, ही समजूत फार काळ तज्ज्ञांतही होती. मार्शा लिनेहान यांच्या उपचारपद्धतीचा पहिला नियंत्रित अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःला इजा करण्याचे प्रकार तिने कमी होतात, असे त्यात दिसून आले. तरुणपणी आपणही अशाच अवस्थेतून गेलो होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. ज्या झॅनरिनींनी दहा प्रश्नांची चाळणी तयार केली, त्यांनीच रुग्णालयात दाखल झालेल्या २९० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दहा वर्षांच्या अवधीत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निकषांच्या खाली राहिली होती. नोकरी व नातेसंबंध यांसह आयुष्याची घडी नीट बसली, असे मात्र सुमारे निम्म्यांच्याच बाबतीत म्हणता आले. लक्षणे ओसरणे आणि संसार उभा राहणे यांतील हे अंतर आहे, आणि ते भरून काढण्याचे काम केवळ दवाखान्याचे नाही. नियमित पाळी, टिकणारी नोकरी आणि परवडणारे घर यांचाही त्यात वाटा असणार.

प्रस्तुत पट्ट्यात आकड्यापुढची वाट अगदीच बंद आहे असे नाही. महानगरपालिकेचे पिंपरी येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय १९८९ पासून कार्यरत असून तेथे मनोविकार विभाग आहे. विमाधारक कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगर येथे राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते. रात्रपाळीहून परतणाऱ्यासाठी वेळेची ही मोकळीक महत्त्वाची. तेथे पोहोचणाऱ्याने दहापैकी किती गुण मिळाले हे सांगावेच असे नाही. कोणत्या प्रश्नांना ‘होय’ म्हटले, ते केव्हापासून खरे आहे, आणि कोणता प्रश्न वाचताना हात थबकला, एवढे कागदावर लिहून नेले तर डॉक्टरांना त्या बेरजेहून बरेच अधिक हाती लागते.